घडणावळ आणि मोड : घरगुती भांड्यांच्या चांगलेपणाचा शब्दांतील इतिहास

वस्तूचा चांगलेपणा सांगण्यासाठी आज ‘गुणवत्ता’ आणि ‘दर्जा’ हे शब्द सर्रास योजले जातात. पहिला संस्कृत भाववाचक आहे; दुसरा अरबीतून फारसीच्या द्वारे आलेला असून त्याचा मूळ अर्थ पायरी असा आहे. दोन्ही शब्द वस्तूला बाहेरून जोखतात. मराठी घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांभोवती जी शब्दसंपत्ती वाढली, तिच्यात मात्र चांगलेपणा हा वस्तूच्या घडण्याशी, वापराशी आणि अखेरीस मोडण्याशी निगडित होता. कारागिराच्या श्रमाचे मोल समाजाने कसे केले, याचा पुरावा या शब्दांत सापडतो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी हे या धंद्याचे प्रसिद्ध ठिकाण होय. पेशवाईत आपले पूर्वज कोकणातून पुण्यास आले, अशी तेथील तांबटांची परंपरा आहे. 1818 मध्ये पेशवाई संपली, तरी हा धंदा टिकला. 1885 साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने त्याची दखल घेतलेली आहे. हंडा, घंगाळ, बंब, कळशी ही येथील नित्याची घडण. पत्रा तापविला म्हणजे तांबे मऊ होते आणि ठोकले म्हणजे पुन्हा कठीण होते. म्हणून आकार दिल्यानंतर शेवटी भांडे मठारतात, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने सारखे ठोके देतात. या ठोक्यांची नक्षी शोभेची वाटते. परंतु तिचे मुख्य कार्य भांड्यास बळकटी आणण्याचे आहे. नीट मठारलेल्या भांड्यास सहसा पोचा येत नाही. हा ठोक्यांचा नाद इतका परिचित होता की, तशाच एकसुरी आवाजाच्या पक्ष्यासही मराठीने ‘तांबट’ असेच नाव दिले.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. भांडे वजनावर विकले जाई. पण ठोक्यांना वजन नसते. मग त्यांची किंमत कशी करावयाची? या अडचणीचे उत्तर ‘घडणावळ’ या शब्दाने दिले. शिवणावळ, धुणावळ, दळणावळ यांच्याच जातीचा हा शब्द कामाची मजुरी धातूच्या किमतीपासून वेगळी काढतो. त्याच्या मुळाशी असलेला ‘घड’ हा धातू संस्कृत ‘घटयति’पासून प्राकृताच्या वाटेने आलेला आहे. याच्या उलट टोकास ‘मोड’ हा शब्द आहे. जुने भांडे मोडीत घातले की धातूचा भाव मिळे, घडणावळ मात्र बुडे. अडीअडचणीस उपयोगी पडणारी ठेव या नात्याने भांड्याकडे पाहणाऱ्या गृहस्थाच्या हिशेबात धातू टिकत असे, कारागिरी नाहीशी होत असे.

भांडे वापरात असेपर्यंत मात्र त्याचा चांगलेपणा राखण्याची जबाबदारी घराकडे येई. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे गृहिणीस पुस्तकावाचून ठाऊक होते. कल्हईवाला भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कथील पुसून घेई. ठरावीक काळाने ही क्रिया पुन्हा करावी लागे. कल्हई हा शब्द कथिलाच्या अरबी नावावरून आला. म्हणजे भांड्याचा गुण खरेदीच्या दिवशी एकदाच ठरत नसे. घडविणारा, वापरणारी आणि दुरुस्त करणारा अशा तिघांच्या हातून तो सतत सिद्ध होत राही.

तथापि या तिघांपैकी भांड्यावर नाव कोरले जाई ते मालकाचे किंवा आहेर करणाऱ्याचे. घडविणाऱ्याचे सहसा नसे. दिनकर केळकर यांनी 1920 च्या सुमारास सुरू केलेला आणि 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्त केलेला पुण्यातील संग्रह या दृष्टीने मननीय आहे. दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू तेथे मोडीपासून वाचल्या. जी घडणावळ मोडीच्या हिशेबात शून्य होती, तीच तेथे संग्रहाचे कारण ठरली.

स्वातंत्र्योत्तर दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर आले. त्यास कल्हई लागत नाही आणि घासण्याचे कष्टही कमी. गृहिणीच्या श्रमाचा विचार करता हा लाभ लहान नव्हे. जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीकडूनही ही भांडी मिळू लागली. परंतु भांड्याचा आकार आता यंत्राच्या साच्यातून येऊ लागला, आणि गिऱ्हाईक व कारागीर यांच्यामधील घडणावळीची बोलणी स्वयंपाकघराच्या भाषेतून मागे पडली. तो शब्द मुख्यतः सोनाराच्या दुकानात उरला. स्टीलच्या लोट्यासही मराठी माणूस ‘तांब्या’च म्हणतो. त्या नावात धातूची आठवण राहिली आहे. ठोके देणाऱ्या हाताची आठवण ‘घडणावळ’ या शब्दात आहे. घरगुती वस्तूंचा इतिहास लिहिणाऱ्याने वजनाच्या नोंदींबरोबर हा शब्दही वाचावयास हवा. एरवी मोडीचा हिशेब हाच इतिहासाचाही हिशेब होऊन बसेल.