जुन्या मोटारींवरील दुसरा ठसा

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. संख्या तेरा हजारांहून अधिक. नाणीं मूळचीं क्षहरात क्षत्रप नहपान याचीं. परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपला ठसा पुन्हां उठविलेला होता. एका बाजूस चैत्याची खूण, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें चिन्ह, आणि त्यांच्या आडून डोकावणारा नहपानाचा अर्धामुर्धा चेहरा, असें त्यांतील पुष्कळ नाण्यांचें रूप आहे. सौंदर्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हीं नाणीं बिघडलेलीं होत. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र सगळा सांठा त्यांच्यामुळेंच अमोल ठरला. पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत क्षहरातांच्या उच्छेदाचा उल्लेख आहे. त्या शब्दांस चांदीची साक्ष मिळाली ती या दुहेरी ठशांची. एखाद्या हौशी सराफानें वरचा ठसा घासून काढून नहपानाचें मुख ‘मूळच्यासारखें’ उजळून दिलें असतें, तर चांदी हातीं राहिली असती आणि इतिहास गेला असता.

नाण्यांचा हा न्याय आज मी एका अगदीं निराळ्या वस्तूस लावून पाहणार आहें. ती वस्तु म्हणजे जुनी मोटार. आमच्या गंगापूर रोडवर रविवारी सकाळीं धरणाकडे आणि द्राक्षमळ्यांकडे जाणाऱ्या वाहनांची जी रीघ लागते, तींत मधूनच एखादी पन्नास-साठ वर्षांपूर्वींची, घांसूनपुसून लखलखीत केलेली मोटार दिसते. अशा मोटारीच्या धन्याशीं बोलूं लागलें कीं पहिलें वाक्य ठरलेलें असतें: ‘सगळें ओरिजिनल आहे.’ या ‘ओरिजिनल’ शब्दाची झडती घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. कारण ज्या भागांवर या शब्दाची खरी कसोटी लागते, तेच भाग धन्याच्या बोटाखालून बहुधा निसटतात. ते भाग म्हणजे धूरनियंत्रणाचे.

हे भाग मोटारीवर आले कसे, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १९४३ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशीं असें कांहीं मळभ उतरलें कीं लोकांचे डोळे चुरचुरूं लागले आणि महायुद्धाचा काळ असल्यामुळें शत्रूनें विषारी वायु सोडला अशी आवई उठली. प्रथम कारखान्यांवर आळ आला. खरें कारण उलगडलें तें हागेन-स्मिट या हॉलंडमध्यें जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञास. हा गृहस्थ अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करण्यांत गुंतलेला होता. तीच विद्या त्यानें शहराच्या हवेस लावली, आणि मोटारींच्या धुरांतील न जळलेलें इंधन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, असा निष्कर्ष १९५२ सालीं प्रसिद्ध केला. घरोघरच्या सुखाचें साधनच आकाश काळवंडीत आहे, हें ऐकावयास कोणासच गोड वाटण्यासारखें नव्हतें. तरी पुढील वीस वर्षांत कायदे होत गेले. एंजिनाच्या क्रँककेसमधून बाहेर पडणारी वाफ पुन्हां एंजिनांतच नेऊन जाळणारी झडप कॅलिफोर्नियांतील नव्या मोटारींवर १९६१ पासून दिसूं लागली. १९६८ पासून अमेरिकाभर नव्या मोटारींच्या धुरावर बंधन आलें. आणि १९७० च्या कायद्यानें कारखानदारांस दोन मुख्य घातक घटक नव्वद टक्क्यांनीं कमी करण्याचा हुकूम सोडला.

या हुकुमांची छाप कशी पडत गेली, हें पाहण्यास एम.जी.बी. या इंग्रज स्पोर्ट्स मोटारीसारखें दुसरें उदाहरण नाहीं. ही लहानशी दोन आसनांची मोटार १९६२ ते १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथें तयार होत होती, आणि एकंदर पांच लाखांहून अधिक निघालेल्या या मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक अमेरिकेस गेल्या. १९६८ पासून अमेरिकेस जाणाऱ्या गाडीच्या एंजिनाच्या पुढच्या अंगास एक हवेचा पंप आला. एंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा पंप सिलिंडर हेडांत पाडलेल्या चार छिद्रांतून तप्त धुरांत ताजी हवा सोडी. जें इंधन आंत जळावयाचें राहिलें, तें बाहेर पडतां पडतां जळावें, ही त्यांतील युक्ति. उलट धूर पंपांत शिरूं नये म्हणून मध्यें एक एकमार्गी झडप. चालकानें पाय एकाएकीं उचलला असतां सायलेन्सरांत फटाका फुटूं नये म्हणून ‘गल्प व्हाल्व्ह’ नांवाची दुसरी झडप. १९७० पासून कॅलिफोर्नियाच्या गाड्यांत कोळशाच्या भुकटीनें भरलेला एक डबा आला. टाकींतून उडून जाणारी पेट्रोलची वाफ तो रात्रभर शोषून ठेवी आणि एंजिन सुरू होतांच त्याच्या स्वाधीन करी. १९७५ सालीं दोन एस.यू. कारब्युरेटर जाऊन त्यांच्या जागीं एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग आला, आणि कॅलिफोर्नियाच्या गाडीस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरहि जोडला गेला. या सर्वांचा परिणाम शक्तीवर झाला. आरंभीं पंचाण्णव अश्वशक्तीची म्हणून विकली जाणारी ही गाडी अखेरीस साठ-पासष्टांच्या घरांत आली. मोजण्याची पद्धत मध्यंतरीं बदलली, हें लक्षांत घेतलें तरी घट खरी आहे.

वेगाच्या हौसेनें घेतलेल्या मोटारीचें असें तेज हरण झालेलें पाहून धन्यांनीं काय केलें असेल, तें सांगावयास नको. पंप काढला, पट्टा तोडला, कोळशाचा डबा भंगारांत गेला, आणि हेडांतील चार छिद्रें स्क्रूंनीं बुजविलीं गेलीं. पुढें या गाड्यांस जुनेपणाची प्रतिष्ठा आली, ‘ओरिजिनल’ शब्दास किंमत आली, आणि जे भाग एकेकाळीं शिव्या देऊन फेंकून दिले, तेच आज ठिकठिकाणीं हुडकावे लागतात. कॅलिफोर्नियांत तर हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. तेथें १९७५ व त्यापूर्वींच्या सालच्या गाड्या धूरतपासणींतून मुक्त आहेत. परंतु १९७६ पासूनच्या पेट्रोल मोटारीस ती तपासणी आजहि चुकलेली नाहीं, आणि तींत धुराबरोबर भागहि पाहिले जातात.

तेव्हां जाणता परीक्षक अशी मोटार पाहूं लागला कीं तो रंग आणि क्रोम मागाहून पाहतो. त्याचे प्रश्न तीन असतात. पहिला प्रश्न, भाग जागेवर आहे काय? नसला, तर तो कधीं होता काय? हेडांतील बुजविलेलीं छिद्रें, पंपाच्या बैठकीचे मोकळे राहिलेले बोल्ट, कोठेंच न जाणारी एखादी नळी, बॉनेटखालील चिकटविलेल्या पत्र्यावरील छापील सूचना, या सर्व मूक साक्षी आहेत. दुसरा प्रश्न, भाग याच सालचा आणि याच देशासाठीं केलेल्या गाडीचा आहे काय? हा प्रश्न सर्वांत नाजूक. त्याच वर्षीं, त्याच कारखान्यांतून, इंग्लंडांतच विकण्यासाठीं निघालेल्या एम.जी.बी.वर हवेचा पंप नव्हताच. तिच्यावर कोणीं अमेरिकेहून मागवून पंप चढविला, तर तो भाग खरा असूनहि ती गाडी खोटी ठरेल. मूळपणा हा वस्तूच्या अंगीं चिकटलेला एकाकी गुण नसून तो स्थळकाळाशीं असलेला संबंध आहे, हें यावरून दिसतें.

तिसरा प्रश्न, भाग चालतो काय? येथें हौशी मंडळी बहुधा फसतात. प्रदर्शनासाठीं चकचकीत पंप लावलेला असतो. पण त्याच्या आंतील पाती झिजून गेलेल्या असतात, किंवा पुढची नळी आंतून गुपचूप बंद केलेली असते. परीक्षा अवघड नाहीं. एकमार्गी झडप काढून तोंडानें दोन्हीकडून फुंकून पाहावी; पंपाकडून फुंकलेली हवा गेली पाहिजे, उलटी जातां कामा नये. कारखान्याच्या पुस्तकांतहि हीच कसोटी दिलेली आहे, आणि दाबाची हवा वापरूं नये असें बजावलेलें आहे. पंप हातानें फिरविला तर तो अडखळूं अगर गुरगुरूं नये. कोळशाच्या डब्याच्या नळ्या तडकलेल्या नसाव्या. जो भाग जागेवर आहे पण काम करीत नाहीं, तो पुरावा नव्हे. तो मुलामा दिलेलें नाणें होय.

वाचक म्हणतील, हें सारें अमेरिकेचें झालें. आपल्याकडे याचें काय? आपल्याकडील स्थिति निराळी आहे, पण म्हणूनच ती अधिक विचार करण्याजोगी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रीमियर पद्मिनी निघत होती, तेव्हां प्रथम कित्येक वर्षें तिच्या धुरास देशभर लागू असा कांहीं निर्बंधच नव्हता. देशव्यापी मर्यादा आल्या त्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं. एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठीं शिसेंविरहित पेट्रोल सक्तीचें झालें. शिसें हें या यंत्राचें विष. शिसेंमिश्रित पेट्रोलच्या कांहीं टाक्या भरल्या तरी आंतील प्लॅटिनमसारख्या धातूंवर थर बसून तें निकामी होतें, आणि बाहेरून मात्र कांहींच दिसत नाहीं. सबंध देशांतून शिसें गेलें तें १ फेब्रुवारी २००० रोजीं. म्हणजे मधल्या पांच वर्षांत मुंबईंत नोंदलेली नवी मोटार कसारा घाट चढून कोठें तरी आडगांवीं चुकीचें पेट्रोल प्याली असल्यास, तिचा कन्व्हर्टर जागेवर असून मृत, अशी अवस्था होणें सहज शक्य होतें. पुढें कित्येकांनीं गाडीचा ‘श्वास मोकळा’ करण्यासाठीं, कित्येकांनीं आंतील मौल्यवान धातूंच्या लोभानें, तो काढून त्याच्या जागीं साधी नळी जोडली. पी.यू.सी.च्या तपासणींत सायलेन्सरांत नळी घालून आंकडा घेतात. तो आंकडा ज्या भागामुळें येतो, त्याकडे पाहण्याचा प्रघात नाहीं.

आतां कायद्याकडे पाहूं. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाची, मूळ स्वरूपांत राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात व ती दहा वर्षें चालते. मूळ स्वरूप म्हणजे काय, हेंहि नियमांत सांगितलें आहे: चासी, गाडीचा सांगाडा आणि एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. व्याख्या वाजवी आहे. पण पंप, डबा, झडपा आणि कन्व्हर्टर यांचें नांव तींत नाहीं. आज हा प्रश्न उपस्थित होत नाहीं, कारण आज पन्नाशी उलटलेल्या देशी मोटारींवर हे भाग नव्हतेच. परंतु १९९५ ची मोटार २०४५ सालीं पन्नास वर्षांची होईल. १९९८ च्या सुमारास निघालेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या अंगाची, रेनो कंपनीच्या ११४९ घनसेंटिमीटर एंजिनाची देशी स्पोर्ट्स मोटारहि त्याच दशकांत त्या पंक्तीस बसेल. त्या वेळीं आपलीं नातवंडें बॉनेट उघडून पाहतील, तेव्हां पहिल्या कायद्याचा ठसा त्यांस कोठें सांपडणार? जे भाग आज भंगारांत चालले आहेत, तेच त्या दिवशीं पुरावा म्हणून लागणार आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो. वर्षांतून चारदोनदां फिरणाऱ्या मोटारीच्या धुरानें हवेंत असा कोणता फरक पडणार? आक्षेप खरा आहे. नाशिकची गणना स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतील शहरांत झालेली आहे. पण ती कांहीं या दहापांच हौशी मोटारींमुळें नव्हे. हे भाग राखावयाचे ते हवेसाठीं म्हणून नव्हेत, स्मृतीसाठीं. आकाश निवळलें कीं तें काळें कां झालें होतें हें लोक विसरतात, आणि निर्बंध हा सरकारचा निष्कारण जाच होता असें म्हणूं लागतात. शेजारच्या सातपुरांत डीझेल एंजिनाचीं नॉझलें होतात. केसासारख्या बारीक छिद्रांतून इंधनाचा फवारा उडविणाऱ्या त्या नॉझलांची घडण उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेली ती केवळ कारागिराच्या हौसेनें नव्हे. तिच्यामागें धुराच्या कायद्यांचा हातहि आहे. कारागिरी आणि राजशासन यांची गांठ जेथें पडते, तेथें वस्तु थोडी कुरूप होते. पण तीच जागा तिच्या काळाबद्दल सर्वांत अधिक बोलते.

म्हणून जुनी मोटार बाळगणाऱ्यांस माझी सूचना साधी आहे. धूरनियंत्रणाचा भाग काढूं नये. काढावाच लागला तर तो फेंकूं नये, चिठ्ठी लावून, तारीख घालून पेटींत ठेवावा. आणि नवा बसविला तर तो नवा आहे हें वहींत लिहून ठेवावें. गॅरेजमधील मिस्त्रीसहि हें आधीं सांगून ठेवावें, कारण त्याच्या दृष्टीनें तो अडगळीचा लोखंडी तुकडा असतो. आपल्या जिल्ह्यांत अंजनेरी येथें १९८० सालीं स्थापन झालेली नाणेसंशोधनाची संस्था आहे. तेथें झिजलेलें, तुटलेलें, दुबार छापलेलें नाणेंहि आदरानें हाताळलें जातें. तेवढा आदर बॉनेटखालील एका काळवंडलेल्या पंपास मिळाला, तर ‘सगळें ओरिजिनल आहे’ हें वाक्य आपल्याकडे प्रथमच पूर्ण अर्थानें खरें होईल.