स्टर्जेस, प्रेस्टन
स्टर्जेस, प्रेस्टन : (२९ ऑगस्ट १८९८–६ ऑगस्ट १९५९). अमेरिकन नाटककार, पटकथालेखक व चित्रपटदिग्दर्शक. मूळ नाव एडमंड प्रेस्टन बिडेन. जन्म शिकागो येथे. आई मेरी डेस्टी ही नर्तकी इझाडोरा डंकन हिची मैत्रीण. तिच्यासमवेत त्याचे बरेचसे बालपण यूरोपात गेले. ‘स्टर्जेस’ हे आडनाव सावत्र वडिलांचे. स्ट्रिक्टली डिसऑनरेबल (१९२९) ह्या सुखात्मिकेने त्याला ब्रॉडवे रंगभूमीवर कीर्ती मिळवून दिली.

त्या काळी हॉलिवुडमध्ये एकच पटकथा अनेक पगारी लेखकांच्या हातांतून जाई. अखेरीस ती कोणाची, हे सांगणे अवघड होई. ही पद्धत स्टर्जेसला मान्य नव्हती. द पॉवर अँड द ग्लोरी (१९३३) ची संपूर्ण पटकथा त्याने एकट्याने लिहिली व फॉक्स कंपनीकडून उत्पन्नात वाटाही मिळविला. नायकाच्या मृत्यूपासून मागे जाणारे तिचे निवेदन सिटिझन केन (१९४१) च्या आठ वर्षे आधीचे आहे. पुढे पॅरामाउंट कंपनीला त्याने एक पटकथा अवघ्या दहा डॉलरांना दिली; अट एकच, दिग्दर्शन आपणच करणार. हा सौदा उभयपक्षी लाभाचा ठरला. भ्रष्ट राजकारणाचा उपहास करणाऱ्या ह्या द ग्रेट मॅक्‌गिंटी (१९४०) ला मूळ पटकथेसाठीचे पहिले ऑस्कर पारितोषिक लाभले. त्यानंतर लवकरच जॉन ह्यूस्टन व बिली वाइल्डर हे पटकथाकारही हॉलिवुडमध्ये दिग्दर्शनाकडे वळले.

द लेडी ईव्ह (१९४१), द पाम बीच स्टोरी (१९४२) हे त्याचे चित्रपट चटकदार संवाद व दुय्यम पात्रांची गजबज ह्यांसाठी आजही पाहण्यासारखे आहेत. सलिव्हन्स ट्रॅव्हल्स (१९४१) मधील विनोदी चित्रपटांच्या दिग्दर्शकाला दारिद्र्यावर गंभीर चित्रपट काढावयाचा असतो. सक्तमजुरी भोगताना कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये व्यंगपट पाहून हसणारे कैदी त्याला दिसतात आणि तो स्वतःही हसू लागतो. द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक (१९४४) ची नायिका तर नवऱ्याचे नावही न आठवणारी गर्भवती. तत्कालीन अभ्यवेक्षणातून हे कथानक सुटले, हेच नवल.

भूल देण्याच्या शोधावरील द ग्रेट मोमेंट (१९४४) ची मात्र कंपनीने परस्पर काटछाट केली. तत्पूर्वीच तो पॅरामाउंटमधून बाहेर पडला होता. हॉवर्ड ह्यूजशी केलेली भागीदारीही टिकली नाही. अनफेथफुली युअर्स (१९४८) हा उत्तम चित्रपट प्रेक्षकांनी नाकारला आणि १९४९ नंतर हॉलिवुडमध्ये त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही. न्यूयॉर्कमधील अल्गाँक्विन हॉटेलात आठवणी लिहीत असतानाच्या काळात तो निधन पावला. त्या आठवणी पत्नीने संपादित करून १९९० मध्ये प्रसिद्ध केल्या.