सेल्फ घेतला नाही

घरातल्या फळीवर माझ्या वह्यांची चवड आहे. १९७६ साली दहावी झालो आणि शाळा सुटली, पण लिहायची सवय सुटली नाही. कोणत्या तारखेला रोप टाकलं, किती गोणी खत गेलं, कांदा काय भावाने गेला, गाडीला किती डिझेल घातलं, सगळं वहीत. लोक हसायचे. पण एका भानगडीत या वहीनेच मला खोटं पाडलं. ती हकिगत सांगतो.

आमचं गाव चांदवड तालुक्यात. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. वडील तिथे बैलगाडीने कांदा न्यायचे. संध्याकाळी गाडी जुंपायची, रातभर चालायचं, उजाडता लिलावाला उभं राहायचं. मी लहानपणी गोण्यांवर झोपून त्यांच्याबरोबर गेलोय. बैल दमायचे, पण निघायच्या वेळेला कधी नाही म्हणाले नाहीत.

पुढे विहिरीवर डिझेल इंजिन आलं, हँडल मारून चालू करायचं. खटका उचलायचा, पाच-सहा जोरदार फेरे द्यायचे, वेग आला की खटका सोडायचा. वडिलांनी पहिला धडा दिला तो अंगठ्याचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर अंगठा जातो. मोटारींनाही आधी असंच हँडल होतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसाने विजेचा स्टार्टर केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. आपल्याकडे त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ मारला, सेल्फ घेतला, सेल्फ घेत नाही. हँडल गेलं, अंगठे वाचले. पण हँडलच्या काळात दोष कुठे आहे ते हाताला कळायचं. सेल्फच्या काळात नुसता आवाज ऐकायला मिळतो.

गावात आधी भाड्याचे टेम्पो यायचे. ‘टेम्पो’ हे नाव मूळ जर्मन कंपनीचं. पुण्याच्या बजाज टेम्पोने ते महाराष्ट्रात इतकं रुजवलं की माल वाहणारी कोणतीही छोटी गाडी म्हणजे टेम्पोच. २००४ साली मी स्वतःची गाडी घेतली. जुनी डिझेल पिकअप, दोन मालक वापरून झालेली. तिच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

गाडी चालवायला भाचा होता. बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून पोरगा आमच्याकडेच वाढलेला. हात चांगला. गाडी पुसणं, हवा बघणं, पाण्याची टाकी बघणं, सांगावं लागायचं नाही. नाद एकच, गाण्यांचा. गाडी उभी असली की टेप चालू.

२००९ सालच्या हिवाळ्यात गाडी रुसायला लागली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. सेल्फ फिरायचा नाही. पाच मिनिटांनी पुन्हा किल्ली मारली की जणू काही झालंच नाही, अशी चालू व्हायची. कधी चार दिवस काही नाही, कधी एका दिवसात तीनदा. फिटरकडे न्यावी तर तिथे पहिल्या झटक्यात चालू. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो, तसलं. मग आम्ही गाडी उतारावरच लावायला लागलो. चाकाखाली दगड, आणि निघताना दगड काढून गेरात टाकायची.

एकदा वाटेत अडली तेव्हा भाच्याने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. एक चिमटा आमच्या बॅटरीच्या अधिकला, दुसरा इंजिनाच्या अंगाला. लगेच चालू झाली. मी म्हटलं, बघ, बॅटरी उतरलीय. नवी बॅटरी घातली. आठ दिवस बरे गेले, पुन्हा टक्. मग सेल्फ खोलला. कार्बन बदलले, बुश बदलले. टेबलावर सेल्फ भिंगरीसारखा फिरला. गाडीत बसवला, तिसऱ्या दिवशी टक्. मग किल्लीचा स्विच बदलला. वहीत खर्चाची पानं भरत गेली.

त्या दिवसांत भाचा एकदा म्हणाला, “मामा, सेल्फ मारला की एक्सिलेटरची केबल गरम लागते.” मी म्हटलं, “केबलला काय ताप येतो का? तू टेप बंद ठेव आधी.”

डिसेंबरात लाल कांदा निघाला. पंधरा क्विंटल भरून ठेवला, पहाटे निघायचं. पिकअप खळ्यात सपाटीला, कारण भरायला तीच जागा. किल्ली मारली, टक्. पुन्हा टक्. भरलेली गाडी चार माणसांनी ढकलेना. ट्रॅक्टर आणून ओढेपर्यंत दहा वाजले. लासलगावला पोचलो तेव्हा सकाळचा लिलाव उरकला होता. दुसऱ्या दिवशी भाव क्विंटलमागे दीडशेने पडलेला.

घरी आलो आणि सगळा राग पोरावर काढला. चार माणसांच्या देखत म्हणालो, “रातभर टेप लावतोस, बॅटरी उतरवतोस आणि नुकसान मी सोसतो. दुसऱ्याच्या घरात राहतोस, याची तरी जाण ठेव.” तो एवढंच म्हणाला, “मामा, रात्री मी टेप लावली नव्हती.” आठ दिवसांनी तो सिन्नरच्या एमआयडीसीत ड्रायव्हर म्हणून निघून गेला. त्या संक्रांतीला बहीण तिळगूळ घ्यायला आली नाही.

तो गेला तरी गाडीचं टक् काही गेलं नाही. टेप तर बंदच होती. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण माणूस स्वतःचा शब्द मागे घ्यायला गाडीपेक्षा जास्त अडतो.

एप्रिलमध्ये मनमाडला एका वयस्कर वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी काही खोललं नाही. आधी विचारलं, “टक् होतं तेव्हा हेडलाईट मंद होते का?” मी म्हटलं, “नाही, चांगली लागते.” ते म्हणाले, “मग बॅटरीला कशाला शिव्या देता, पाटील?”

त्यांनी मीटर घेतला. एक काडी बॅटरीच्या उणे खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मला किल्ली मारायला लावली. नऊ वेळा सेल्फ घेतला. दहाव्या वेळेला टक्. मीटरवर तीन व्होल्टच्या वर आकडा. चाचा म्हणाले, “इथे अर्ध्या व्होल्टाच्या आत पाहिजे.” मग दुसरी काडी चासीवर धरली, पुन्हा किल्ली मारायला लावली. टक् झालं तरी काटा जागचा हलला नाही. म्हणजे बॅटरीपासून चासीपर्यंत रस्ता मोकळा, आणि चासीपासून इंजिनापर्यंत अडलेला.

त्यांनी समजावलं ते असं. सेल्फला जेवढी वीज जाते, तेवढीच परत बॅटरीला यावी लागते. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं, म्हणून चासीला त्याचा नीट स्पर्श नसतो. तो जोडायला तारांची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. ती सैल किंवा गंजलेली असली तर दिव्यापुरती वीज कशीही भागते, सेल्फला लागणारी भागत नाही. खड्ड्यात गाडी आदळली, इंजिन तापलं की बोल्टखालचा स्पर्श कधी जुळतो, कधी तुटतो. म्हणून दोष सापडत नाही. आणि परतीची वाट मिळाली नाही की वीज मिळेल त्या तारेतून जाते.

“एक्सिलेटरची केबल?” मी विचारलं.

“हो. गरम होते. कुणाच्या लक्षात आलं होतं का?”

मला उत्तर देता आलं नाही.

चिमट्याचं कोडंही तिथेच सुटलं. भाच्याने दुसरा चिमटा इंजिनाला लावला होता, म्हणून वीज पट्टी टाळून गेली आणि गाडी चालू झाली. बॅटरी भरलेलीच होती.

चाचांनी पट्टीचा बोल्ट काढला. खाली चंदेरी रंगाचा जाड थर. “पट्टी रंगावर आवळलीय कुणी?” त्यांनी कागदाने जागा घासून पांढरं लोखंड काढलं, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. मजुरी घेतली पन्नास रुपये.

घरी येऊन वही काढली. दसऱ्याच्या आदल्या पानावर माझ्याच अक्षरात: ‘गाडी रंगवली. चासी, इंजिन चंदेरी. पट्टी सोडली, परत बसवली. स्वतः.’ पुढे नवव्या दिवशी पहिली नोंद: ‘सेल्फ घेतला नाही.’ दोन नोंदींत एका पानाचं अंतर. सहा महिने मी पुढचीच पानं भरत राहिलो, मागचं पान उलटून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घातली आणि सिन्नरला गेलो. कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर भाच्याला ते पान दाखवलं. म्हटलं, “चूक माझी होती. त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं.” त्याने पान वाचलं, वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाला, “जागा घासून घेतली ना नीट? मग झालं.”

तो पुन्हा आमच्या गाडीवर आला नाही. तिथे पगार होता, आणि दुसऱ्याच्या घरात राहण्याची जाण ठेवायची गरज नव्हती. पण आखाजीला आईला घेऊन जेवायला आला. जेवण झाल्यावर न सांगता खळ्यात गेला, बॉनेट उघडून पट्टीचा बोल्ट हलवून पाहिला.

जुन्या गाडीवाल्यांना एवढंच सांगतो. सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही, असं झालं तर दुकानात जाऊ नका. आधी बॅटरीचे दोन्ही खांब घासा, मग अर्थिंगची दोन्ही टोकं. किल्ली मारताना दिवा मंद होतो की नाही ते बघा. दोष सुरू झाला त्याच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता, ते आठवा. बहुतेक वेळा तो आपलाच असतो. आणि गाडीवरचं पोरगं काही सांगत असेल, तर हात लावून केबल गरम आहे का ते बघा. बोलायचं ते मग बोला.