अंतर तेवढंच, वेळ कुणाचा?

पॅसिफिक महासागरात फिजीच्या मुख्य बेटावर नांदी आणि नौसोरी असे दोन विमानतळ आहेत. त्यांच्यातलं हवाई अंतर सुमारे 120 किलोमीटर. विमान अर्ध्या तासात पोचतं. रस्ता मात्र मधले डोंगर टाळून किनाऱ्यानं जातो, म्हणून गाडीला तीन-चार तास लागतात. आता आपल्याकडं बघा. मुंबई आणि पुणे इथल्या विमानतळांमधलं हवाई अंतरही जवळजवळ तेवढंच आहे. मध्ये उभा आहे सह्याद्री.

हा डोंगर ओलांडायचा इतिहास म्हणजे वेळ कमी करण्याचा इतिहास, असं आपण शिकतो. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. 1858 मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली. पलीकडं खोपोलीपर्यंत ती आधीच पोचली होती. मधला घाट तेवढा राहिला. पुढची पाच वर्षं प्रवासी तो पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी पार करत. 1863 च्या एप्रिलमध्ये घाटातला लोहमार्ग सुरू झाला. सुमारे 15 मैलांत 1,800 फुटांहून अधिक चढ आणि 25 बोगदे.

आम्हाला इथं थांबावंसं वाटतं. 1861 च्या सुमारास या कामावर 40,000 हून अधिक मजूर होते. सुरुंग, कडे, पावसाळा आणि पटकी यांत त्यांच्यातले कितीतरी दगावले. म्हणजे प्रवाशाचे जे तास वाचले, ते कुणीतरी आधीच आपल्या आयुष्यातून भरले होते. पालखीतल्या साहेबाचा वेळ कागदावर मांडला गेला. भोयाचा वेळ कुणी मांडला?

पुढं गती वाढतच गेली. घाटात गाडीला मागं फिरून दिशा बदलावी लागे, तो प्रकार 1929 मध्ये संपला. 1 जून 1930 ला ‘दख्खनची राणी’ धावली आणि पुणे-मुंबई प्रवास पावणेतीन तासांवर आला. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तोही आपल्या मावळातूनच.

आता इंदुरीचा हिशेब करू. इंद्रायणीकाठी सेनापती दाभाड्यांची गढी आहे. त्या काळी अंतर घोड्याच्या मजलांनी मोजत. रेल्वेचं स्टेशन झालं ते तळेगावला. इथून मुंबई सरळ रेषेत जेमतेम 100 किलोमीटर. तळेगावहून रेल्वेनं मात्र सुमारे 158, कारण गाडी कर्जत-कल्याणचा वळसा घेते. पक्ष्याचं अंतर एक, माणसाचं दुसरं.

तेव्हा ‘जवळ’ हा शब्द नुसत्या भूगोलाचा नाही. त्यात कुणाचे तरी श्रम असतात, कुणाची तरी जमीन असते. उद्या नवा रस्ता होईल आणि किती मिनिटं वाचली ते आपल्याला सांगितलं जाईल. ती मिनिटं अवश्य मोजावीत. पण ती कुणाची वाचली आणि कुणी दिली, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. इतिहास लिहिण्याची आम्हाला समजलेली रीत एवढीच.