अण्णांची वही आणि लोखंडाची बॅटरी

गेल्या आठवड्यात आत्येबहिणीचा निरोप आला, "सोलरच्या बॅटरीवर लिहिणार होतास, त्याचं काय झालं?" तिच्या नवऱ्याला पॅनेल बसवायचंय, त्यामुळे घाई आहे. तेव्हा ताई, हे घे. थोडं लांबण लागेल, कारण गोष्ट १८५९ पासून सुरू होते.

पण आधी २०२०. आमचं घर दापोलीजवळ. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले आणि वीज परत यायला महिन्याच्या वर लागला. घरात इन्व्हर्टर होता, दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या, पण भरायच्या कशाने? दुसऱ्या रात्री फ्रीज बंद पडला. फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन. अण्णांनी मातीच्या मडक्याभोवती ओली वाळू रचून ते कसंबसं सांभाळलं.

वीज आली तेव्हा बॅटऱ्या मेलेल्या होत्या. चार्जिंगच घेईनात. अण्णा कितीतरी दिवस म्हणत होते, "माझंच दुर्लक्ष झालं." दुर्लक्ष आणि अण्णा! २००६ सालच्या भारनियमनापासून त्यांची एक वही आहे. कुठल्या तारखेला डिस्टिल्ड वॉटर घातलं, ग्रॅव्हिटी किती आली, टर्मिनलला व्हॅसलिन कधी लावलं, सगळं त्यात. दोष त्यांचा नव्हताच. तो शिशाचा स्वभाव.

गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापड घालून त्यांची गुंडाळी केली आणि ती गंधकाच्या आम्लात बुडवली. परत परत भरता येणारी जगातली पहिली बॅटरी ती हीच. गंमत म्हणजे डायनॅमो तेव्हा वापरात नव्हते, त्यामुळे बॅटरी भरायला दुसरी बॅटरी लागायची! वीज काढून घेतली की दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट बसतं आणि भरली की ते विरघळतं. पण रिकामी तशीच ठेवली तर त्याचे स्फटिक घट्ट होतात, मग ते विरघळत नाहीत. आमच्या बॅटऱ्या महिनाभर अशाच पडून होत्या. म्हणून शिशाचा एकच कुळाचार, नेहमी भरलेली ठेवा, अर्ध्याखाली उतरू देऊ नका. दीडशे वर्षं जगभरच्या अण्णांनी तो पाळला.

सूर्याची वीजही जन्मापासून बॅटरीच्या आधाराने चालत आली. अमेरिकेत बेल लॅबने १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट दाखवला, ६ टक्के कार्यक्षमतेचा. पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या अमेरिकस गावी टेलिफोनच्या तारेवर तो लावून पाहिला, तेव्हा रात्रीसाठी सोबत साठवणीची बॅटरी ठेवावीच लागली. परवडलं नाही म्हणून तो प्रयोग आवरता घेतला.

"लिथियम घेऊया" असं मी म्हटलं तेव्हा अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोबाइल पेटतात ते?"

प्रश्न रास्त होता. १९७० च्या दशकात तेलाची टंचाई होती तेव्हा एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची बॅटरी बनवली. प्रयोगशाळेत इतक्यांदा आग लागली की अग्निशमन दलाने विझवण्याच्या खास रसायनांचे पैसे मागायची धमकी दिली. मग १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून जास्त व्होल्टेज मिळवलं. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियमच काढून टाकलं आणि त्या जागी कार्बन आणला. त्यांनी बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला, ती पेटली नाही. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं, गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

पण आमच्या घरातली बॅटरी त्या कुळातली नाही, तिची धाकटी बहीण आहे. ऑक्सफर्डला निवृत्तीचं वय जवळ आलं म्हणून गुडइनफ १९८६ मध्ये टेक्सासला गेले. तिथे अक्षय पाढी, नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांबरोबर १९९७ मध्ये त्यांनी लोह आणि फॉस्फेटचं संयुग पुढे आणलं. स्वतः पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर होते! (आपण त्या वयात गुडघ्यांबद्दल बोलतो.) कोबाल्टवाली तापली की तिच्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही. ती अजिबात पेटूच शकत नाही असं नाही, पण खूपच शांत. वजन जास्त आणि वीज जरा बेताने वाहून नेणारी, म्हणून सुरुवातीला तिला कोणी विचारेना. कण बारीक करून त्यांना कार्बनचं अस्तर दिल्यावर ती चालू लागली. घराच्या भिंतीला बसवायची तर वजनाचं काय घेऊन बसायचं?

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लोखंड आणि खत." झालं, घरात तेच नाव पडलं.

आता ताई, तुझ्या नवऱ्यासाठी हिशोब. आमची रात्र अशी: ३० वॅटचे तीन पंखे दहा तास म्हणजे ०.९ युनिट, फ्रीज साधारण ०.६, दिवे आणि राउटर मिळून ०.५. झाले २ युनिट. शिशाची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९. इन्व्हर्टरची गळती धरली तर एका रात्रीला अशा तीन लागतात. लोखंड-खताची ८० टक्के बिनधास्त वापरता येते. आम्ही ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एकच घेतली, म्हणजे ५.१२ युनिट, गळती वजा जाता हाती साडेतीनच्या वर. ओढूनताणून दोन रात्री. कोकणातल्या जुलैमध्ये पॅनेल दिवसदिवस झोपा काढतं, तेव्हा एका रात्रीपुरती घेऊन भागत नाही. पण पाच रात्रींचीही घेऊ नका. तेवढ्यात दोन पॅनेल जास्त लावा.

आता चुकीची गोष्ट. बसवणाऱ्या माणसाने इन्व्हर्टरचं सेटिंग ट्यूब्युलर बॅटरीवरच ठेवलं. शिशाला मधूनमधून जादा व्होल्टेजचा डोस द्यावा लागतो, त्याला इक्वलायझेशन म्हणतात. लिथियमला तो चालत नाही. बॅटरीतलं राखणदार सर्किट, म्हणजे बीएमएस, जीव वाचवायला बॅटरीच तोडून टाकायचं. लख्ख दुपारी घर बंद! तीन आठवडे आम्ही बॅटरीला नावं ठेवत होतो. तेव्हा बसवल्या दिवशीच सेटिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उष्णतेने ती म्हातारी होते.

शेवटचं अण्णांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. पावसाळ्यात दोघं पुण्याला येतात, घर तीन महिने बंद. अण्णांची रीत अशी की बॅटरी काठोकाठ भरायची आणि मग कुलूप. शिशाला ते बरोबरच होतं. लिथियम उलट, रोज भरली-उतरली तर ठीक, पण काठोकाठ भरून महिनोन्महिने उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उकाड्यात ठेवली की झिजते. तिला निम्मी ठेवायची. "निम्म्या भरलेल्या घराला कुलूप लावायचं?" असं म्हणून ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. निसर्गनंतर त्यांना रिकामेपणाची धास्तीच बसलीय.

यंदा निघायच्या दिवशी मी गाडीत सामान ठेवत होतो. परत आत गेलो तर वही टेबलावर उघडी. तारीख, ५५ टक्के, बंद. पाण्याच्या रकान्यात त्यांनी पट्टी लावून सरळ रेघ मारली होती.