चोवीस शब्दांची तिजोरी

पैसा मिळवायला जेवढी अक्कल लागते, त्याच्या दुप्पट तो लपवायला लागते. आमच्या घराण्यात पहिलीचाच तुटवडा, त्यामुळे दुसरीची फारशी गरज पडली नाही. म्हणूनच परवा प्रताप नगरातल्या आमच्या घरी भाचा आला आणि म्हणाला, "मामाजी, बिटकॉइन ठेवायला हार्डवेअर वॉलेट घेऊन राहिलो. कोणतं घेऊ?" तेव्हा मी आधी स्वतःचं पाकीट चाचपलं.

लपवण्याचा इतिहास मोठा आहे. आधी हंडा होता. तो परसात पुरायचा. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपं करायला घेतली, आणि पुढे १९०२ पासून तिजोऱ्या. मग बँकेतले लॉकर आले. २००९ साली जन्मलेलं बिटकॉइन मात्र दिसत नाही की वाजत नाही. लोकांनी ते सरळ पेढीवरच ठेवलं. २०१४ साली टोकिओची माउंट गॉक्स ही पेढी बुडाली, आणि २०२४ च्या जुलैत आपल्याकडच्या वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली.

"म्हणून तर किल्ली आपल्याजवळ पाहिजे," भाचा म्हणाला. असं पहिलं यंत्र, ट्रेझर, २०१४ साली प्रागहून बाजारात आलं. चेक भाषेत त्या शब्दाचा अर्थ तिजोरीच! पण गंमत अशी की, आत नाणं नसतंच; असते ती फक्त किल्ली. यंत्र हरवलं तरी चोवीस इंग्रजी शब्द क्रमाने लिहून ठेवलेले असले, की नव्या यंत्रात सगळं परत मिळतं.

म्हणजे निवड यंत्राची कमी आणि कागदाच्या जागेची जास्त! यंत्र कोरं, थेट कंपनीकडून घ्यावं. त्याला स्वतःचा पडदा असावा. शब्दांचा फोटो काढू नये.

"आणि ते कोणालाच सांगायचे नाहीत," भाचा म्हणाला.

"बायकोलाही?"

"कोणालाच नाही, मामाजी!"

मला आजी आठवली. तिनेही पुतळ्यांची माळ कोणालाच न सांगता लपवली आणि एका पहाटे शांतपणे गेली. आम्ही तुळशीवृंदावन उकरलं, कोठ्या पालथ्या घातल्या. माळ चोराला सापडली नाही, आणि आम्हालाही. सुरक्षिततेच्या बाबतीत आजीचा हात धरणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

भाचा गप्प झाला. आठवड्याने कळलं, की शब्दांचा कागद पाकिटात घालून त्याने आईच्या लोखंडी कपाटात ठेवला, आणि जागा बायकोला दाखवली. मला बरं वाटलं.

ताईने कपाटाची किल्ली कुठे ठेवली, ते मात्र सध्या सगळे मिळून शोधताहेत.