२०३५ की २३५०? हिमालयातल्या एका आकड्याची गोष्ट

आजचा एपिसोड एका आकड्याबद्दल आहे: २०३५.

२००७ साली आयपीसीसीचा चौथा अहवाल आला. आयपीसीसी म्हणजे हवामानबदलावरचं जगभरातलं संशोधन वाचून त्याचा ताळेबंद मांडणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था. त्याच वर्षी तिला अल गोर यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे शब्दाला वजन केवढं, बघा! या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियावरच्या प्रकरणात म्हटलं होतं की पृथ्वी अशीच तापत राहिली, तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता खूप जास्त आहे.

आता साधं गणित करा. मोठ्या हिमनद्यांचा बर्फ शंभर-दोनशे मीटर जाड असतो. तो सरासरी वर्षाला एक मीटरपेक्षाही कमी पातळ होतोय. मग पंचवीस-तीस वर्षांत सगळा संपेल कसा?

मग हा आकडा आला कुठून? आयपीसीसीने तो घेतला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या २००५ च्या अहवालातून. त्यांनी घेतला 'न्यू सायंटिस्ट' मासिकातल्या १९९९ च्या बातमीतून. थोडक्यात, कॉपी-पेस्ट. या साखळीत तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध एकही नव्हता. कॅनडाचे हिमनदी अभ्यासक ग्रॅहम कॉगली यांनी माग काढला, तेव्हा १९९६ चा एक रशियन अहवाल समोर आला. त्यात जगभरच्या हिमनद्यांबद्दल साल होतं २३५०! आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असं काहींना वाटतं.

खरी गंमत टायमिंगची. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा निबंध प्रसिद्ध केला. हिमनद्या आक्रसतायत, पण त्यात अनैसर्गिक असं काही दिसत नाही, असं रैनांचं म्हणणं. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची 'वूडू सायन्स' म्हणून संभावना केली. त्याच महिन्यात ब्रिटनच्या एका विद्यापीठातले शास्त्रज्ञांचे ईमेल हॅक होऊन बाहेर आले, आणि डिसेंबरमध्ये कोपनहेगनची हवामान परिषद. वातावरण आधीच तापलेलं! २० जानेवारी २०१० ला आयपीसीसीने खेद व्यक्त केला: २०३५ च्या दाव्याला पुरेसा आधार नव्हता.

झालं! तापमानवाढ हीच थाप आहे म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. पण दोन गोष्टी त्या गदारोळात हरवल्या. एक, ही चूक पकडली ती शास्त्रज्ञांनीच. ऑस्ट्रियाचे गेओर्ग कासर यांनी तर अहवाल छापायच्या आधीच इशारा दिला होता, पण तो वेळेत पोचला नाही. दोन, भौतिक विज्ञानाच्या पहिल्या खंडात हा दावा नव्हताच. एका फाइलमध्ये बग सापडला म्हणून अख्खा प्रोजेक्ट कुणी डिलीट करत नाही ना!

बगचा फायदाही झाला. जगभरच्या विज्ञान अकादमींच्या समितीने २०१० मध्ये आयपीसीसीची कार्यपद्धती तपासली, आणि चुका दुरुस्त करण्याची पक्की पद्धत ठरली.

मग हिमनद्या सुरक्षित आहेत का? नाही. जुन्या हेरगिरी उपग्रहांचे फोटो वापरून २०१९ मध्ये एक अभ्यास झाला. १९७५ ते २००० च्या तुलनेत २००० नंतर हिमालयातला बर्फ दुप्पट वेगाने घटतोय, असं त्यातून दिसलं. काठमांडूच्या इसिमोड संस्थेचं २०१९ चं मूल्यांकन सांगतं की तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली, तरी हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ २१०० पर्यंत जाईल. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश.

म्हणजे घाबरवणारा आकडा चुकीचा होता, धोका नव्हे. पण चुकीच्या आकड्याची किंमत खऱ्या आकड्यालाही मोजावी लागते, कारण पुढच्या वेळी लोक ऐकतच नाहीत. आणि गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रेच्या काठी राहणाऱ्या कोट्यवधी लोकांना 'ऐकलं नाही' ही चैन परवडणारी नाही.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक साली जग बुडणार' किंवा 'हे सगळं थोतांड' यातलं काहीही आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी एकच विचारा: हा आकडा मुळात आला कुठून?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!